वाणाचा कर्ता आणि वाणाचे भागीदार

कुंडलिकेच्या काठचे जालना हे गाव निजामाच्या अमदानीतच मराठवाड्यातील मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपाला आले होते, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या जुन्या भरभराटीची साक्ष म्हणून आजही लोकांच्या तोंडी आहे. परंतु देशाच्या कानाकोपऱ्यातील शेतकरी आज ज्या मालामुळे या गावाचे नाव ओळखतो तो माल म्हणजे बियाणे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ करून १९६४ साली येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ‘महिको’, स्थापन केली. त्याच साली सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. आणि पुढच्या काही दशकांत जालन्याच्या अवतीभवती बियाण्याच्या लहानमोठ्या कंपन्या, त्यांची प्रक्रिया केंद्रे आणि त्यांच्यासाठी बीजोत्पादन करणारी गावे यांची अशी दाट वस्ती झाली की १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्या सन्मानात या सगळ्या मुलखाच्या मेहनतीचाही वाटा होता असे निःसंकोच म्हणावे.

या मुलखात राहून जो प्रश्न वारंवार मनात येतो तो असा की, ज्याने वाण निर्माण केला त्याच्या पदरात काय पडते, आणि ज्याने तो वाण त्याच्याकडून विश्वासाने घेतला व पुढे त्याच्या परवानगीवाचून त्यावर पैसा मिळवला त्याच्याशी कर्त्याने कसे वागावे. वाण ही निसर्गाची देणगी, तिच्यात माणसाचे कर्तृत्व कसले, अशी शंका पुष्कळदा सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येते, आणि ती मला मुळीच पटत नाही. एका शेतातील हजारो रोपांमधून एक रोप वेगळे आहे हे ओळखणे, त्याचे दाणे निराळे राखणे, पुढल्या हंगामी ते निराळ्या वाफ्यात पेरून त्यातली चुकार रोपे उपटून टाकणे, आणि आठ-दहा वर्षे हा क्रम न कंटाळता चालवून अखेर ज्याची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीसारखी निघते असे स्थिर बियाणे हाती घेणे, हे काम निवडीचे, नकाराचे आणि संयमाचे आहे. आणि निवड, नकार व संयम यांवाचून कोणतीही कलाकृती जन्माला येत नाही. साहित्यकृती आणि वाण यांत भेद आहे तो एवढाच की ग्रंथाच्या प्रती काढायला छापखाना लागतो, आणि वाण स्वतःच्या प्रती स्वतःच काढतो. मूठभर दाणे परक्या हाती गेले की दोन हंगामांत त्यांची पोती होतात.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून भोकरदन-जाफराबादकडच्या, किंवा जिल्ह्याची हद्द ओलांडून देऊळगाव राजाकडच्या, एखाद्या शेडनेटमध्ये डोकवावे. हिरव्या जाळीखाली टोमॅटोच्या संकरित बियाण्याचा प्लॉट उभा असतो. एका बाजूला नराच्या थोड्या ओळी, उरलेल्या मादीच्या. दुपार कलली की बाया मादीच्या ओळींत शिरतात आणि जी कळी दुसऱ्या दिवशी उमलणार तिच्या पाकळ्या चिमट्याने हलकेच उघडून आतील परागकोशांचा पिवळा शंकू मुळासकट काढून घेतात. तो काढताना आतली नाजूक कुक्षी दुखावली की फळ धरत नाही, आणि त्याचा तुकडा आत राहिला की त्या फळाचे बी भेसळीचे निघते. नराची फुले तोडून, वाळवून, त्यांचे पराग पातळ कापडातून गाळून ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुक्षीला लावायचे, आणि हे फूल संकराचे म्हणून ओळखू यावे यासाठी त्याच्या हिरव्या निदलांतील दोन कापून टाकायची. हा सोहळा महिनाभर चालतो. तो आटोपला की नराच्या ओळी उपटून टाकतात. बियाण्याची शुद्धता राखणे हे त्याचे एक कारण, पण दुसरेही एक कारण आहे: नराचे झाड उभे राहिले, त्याला फळ धरले, ते फळ कोणी खिशात घातले, तर त्या एका फळातून कंपनीचे अर्धे गुपित बाहेर जाते.

संकरित वाणाचे सगळे मर्म त्याच्या आईबापांत असते. बाजारातून पाकीट विकत आणून, त्याचे पीक घेऊन, त्या पिकाचे बी कोणी पुन्हा पेरले तर दुसऱ्या पिढीत रोपे फुटीर होतात. कोणी उंच, कोणी खुजे, कोणाला फळ मोठे, कोणाला बारीक. तोच संकर पुन्हा हाती लागत नाही. म्हणून संकरित वाणाची हुबेहूब नक्कल परक्या माणसाला सहसा करता येत नाही. ती ज्याच्या ताब्यात नर आणि मादी दोन्ही विश्वासाने दिलेली असतात त्यालाच करता येते, म्हणजे पायाभूत बियाणे घेऊन जाणाऱ्या ऑर्गनायझरला, प्लॉट घेणाऱ्याला, नोकरी सोडून दुसरीकडे गेलेल्या पैदासकाराला, किंवा भागीदारीत विक्री करणाऱ्या पेढीला. बियाण्याच्या धंद्यात जो वाद उभा राहतो तो बहुधा घरातला वाद असतो, आणि त्याची कटुता परक्याच्या चोरीहून निराळी असते. कर्त्याला वाण एकट्याने वाढवता येत नाही. त्याला दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याचे हात आणि दुसऱ्याची दुकाने लागतात. सहकाऱ्यावाचून त्याचे काम शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही, आणि सहकाऱ्यामुळेच ते हातचे जाण्याचे भय राहते.

भात, तूर, सोयाबीन, हरभरा या स्वपरागी किंवा सरळ वाणांच्या पिकांत तर आईबापांचा आडपडदाही नाही. जे पोत्यात आहे तेच बियाणे. तूर अधूनमधून परपरागीही होते हे खरे, पण वाण सरळ असल्याने शेतकरी घरचेच बी राखून पेरतो. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने, परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली, बीएसएमआर-७३६ हा वांझ रोगाला दाद न देणारा आणि बीडीएन-७११ हा पांढऱ्या दाण्याचा, लवकर हाती येणारा असे तुरीचे वाण दिले. आणि मराठवाड्यातील शेतकरी त्यांचे बी एकमेकांना देत-घेत आला. तेथे ते योग्यच होते, कारण सरकारी संशोधन केंद्राने जनतेच्या पैशाने केलेले काम जनतेसाठीच असते. परंतु ज्याने स्वतःच्या दीड एकरात, स्वतःच्या भाकरीच्या जिवावर वाण काढला त्याला हाच न्याय लावला तर काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे आणि सर्वांत वेदनादायक उदाहरण जालन्यात नाही, ते चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात आहे.

तेथील नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी राहत. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली ‘पटेल ३’ या भाताच्या पिकात त्यांना पिवळसर रंगाच्या, निराळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. दुसरा कोणी त्या कापून खळ्यावर टाकता. यांनी त्या वेगळ्या राखल्या, पुढल्या साली वेगळ्या लावल्या, आणि असे वर्षामागून वर्ष करीत बारीक दाण्याचा, चवीचा आणि भरघोस उताऱ्याचा भात स्थिर केला. गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने तो मोठ्या क्षेत्रावर घेतला, १९९० च्या सुमारास तळोधीच्या व्यापाऱ्याकडे पोती गेली, आणि वाणाला नाव नाही असे कळल्यावर त्या काळी ज्यांची चलती होती त्या एचएमटी घड्याळांवरून व्यापाऱ्याने भाताचे नाव एचएमटी ठेवले. कर्त्याच्या निर्मितीला तिचे नावही व्यापाऱ्याच्या हातून मिळाले, ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. कारण ज्या क्षणी ते भाताचे पोते बाजारात पोचले त्या क्षणी ‘हा दादाजींचा भात’ असे म्हणणारे कोणी उरले नाही.

१९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शाखेने, दादाजींकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणे नेले. १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे होते की शेतकऱ्यांत पसरलेल्या मिश्र बियाण्यातून आपण निवड करून ते शुद्ध केले, आणि म्हणून तो आपला वाण. दादाजींचे म्हणणे असे की मूळ आपले, नाव आणि लाभ मात्र दुसऱ्याचा. दोन्ही कैफियती समोर ठेवून पाहिल्या तरी माझा कौल दादाजींच्या बाजूने पडतो. शुद्धीकरण हे खरे काम आहे, आणि त्याचे श्रेय ज्याने केले त्याला मिळालेच पाहिजे; परंतु शुद्धीकरण करण्यासारखे काही अस्तित्वात आणणे हे त्याहून मूळचे काम, आणि वाणाच्या नावात विद्यापीठाची आद्याक्षरे जोडायला जागा होती तर प्रसारणाच्या कागदावर त्या शेतकऱ्याच्या नावाला जागा का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेले नाही. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार मिळाला, २०१० साली ‘फोर्ब्स’ मासिकाने त्यांची दखल घेतली; त्यांनी डीआरके या आपल्याच आद्याक्षरांच्या वाणासह आणखीही वाण काढले; आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथे, आजारपणात उपचाराच्या खर्चाची चिंता डोक्यावर असताना, त्यांचे देहावसान झाले. ज्यांच्या भातावर अनेक राज्यांतील गिरण्या चालल्या त्या माणसाच्या कुटुंबाला मदतीसाठी हात पसरावा लागावा, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

दादाजींनी बियाणे दिले तेव्हा त्यांच्या हक्काचे रक्षण करील असा कायदाच या देशात नव्हता. ग्रंथकाराच्या बाजूने १९५७ चा कायदा होता, आणि त्यात नोंदणीही अनिवार्य नाही. कृती लिहून झाली की हक्क जन्माला येतो. वनस्पतीच्या वाणाला मात्र २००१ साली ‘वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा’ होईपर्यंत वाट पाहावी लागली, आणि २००५ साली त्याचे प्राधिकरण दिल्लीत स्थापन झाले तेव्हा कुठे तो प्रत्यक्षात आला. नोंदणीवाचून हक्क नाही, ही या कायद्याची पहिली आणि कडक अट. वाण वेगळा हवा, एकसारखा हवा, पिढ्यान्‌पिढ्या स्थिर हवा; आणि नव्या वाणाच्या बाबतीत अर्जाच्या तारखेपूर्वी देशात एक वर्षाहून अधिक काळ त्याची विक्री झालेली नसावी. या शेवटच्या अटीवर पुष्कळ कर्ते फसतात. आधी दोन हंगाम विकून पाहू, चालला तर नोंदवू, असा व्यापारी हिशेब करीत ते बसतात, आणि मुदत टळून जाते. नोंदणी झाली की शेतपिकांना एकूण पंधरा वर्षे आणि झाडे व वेली यांना अठरा वर्षे संरक्षण मिळते. आणि शेतकऱ्याच्या वाणासाठी शुल्काची माफी आहे.

या कायद्याची तीन कलमे सहकाऱ्याशी झालेल्या वादात विशेष कामी येतात. तिसावे कलम संशोधकाला कोणत्याही नोंदलेल्या वाणावर प्रयोग करण्याची, त्यातून नवा वाण काढण्याची मोकळीक देते, पण त्या वाणाचा व्यापारी उत्पादनासाठी जनक म्हणून पुन्हा पुन्हा उपयोग करावा लागत असेल तर मूळ कर्त्याची परवानगी सक्तीची करते. जालन्यासारख्या संकराच्या मुलखात या एका वाक्याचे मोल किती आहे ते सांगायला नको. त्रेचाळिसावे कलम म्हणते की शेतकऱ्याच्या वाणातूनच जर कोणी वाण काढला, तर तो वापरण्याचा अधिकार द्यायचा तर मूळ वाण जपणाऱ्या व घडवणाऱ्या शेतकऱ्यांची संमती घेतली पाहिजे. १९९४ साली हे कलम असते तर सिंदेवाहीहून निघालेल्या त्या पाच किलोंची कथा निराळी झाली असती. आणि सहासष्टावे कलम दिवाणी न्यायालयाला मनाई हुकमाबरोबर, फिर्यादीच्या पसंतीप्रमाणे, नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीने मिळवलेल्या नफ्यातील हिस्सा देण्याचा अधिकार देते. या पसंतीकडे वकीलही कधी कधी पुरेसे लक्ष देत नाहीत. ज्या कर्त्याने स्वतः वाण विकलाच नव्हता त्याला नुकसान सिद्ध करणे अवघड जाते. त्याने हिशेबाच्या वह्या मागाव्यात आणि नफ्यातला हिस्सा मागावा.

हक्क मोठ्या पेढ्यांच्या हाती गेले की ते कसे वापरले जातात याचीही आठवण ठेवावी लागते. बीटी कापसाला देशात २००२ साली मान्यता मिळाली तेव्हा त्यात महिको आणि अमेरिकेची मॉन्सॅन्टो यांची भागीदारी होती, आणि त्यांच्या संयुक्त कंपनीने ते तंत्र इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने दिले. पुढे त्या तंत्राच्या मोबदल्यावरून परवानाधारकाशी, म्हणजे हैदराबादच्या नुझिवीडू कंपनीशी, वितुष्ट आले. २०१५ साली करार रद्द झाला. केंद्र सरकारने मोबदल्याचा दर स्वतःच ठरवून तो पाकिटामागे ४९ रुपयांवर आणला. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंटच अवैध ठरवले, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण परत पाठवले, आणि शेवटी २०२१ साली उभय पक्षांनी समेट केला. इतकी वर्षे, इतके वकील, आणि शेवट तडजोडीत. दुसरे उदाहरण गुजरातेतले: २०१९ साली पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदलेल्या बटाट्याच्या वाणासाठी काही शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीहून अधिक रुपयांचे दावे लावले, देशभर गहजब झाला, आणि कंपनीला ते काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि, छापील पाकिटात नव्हे तर मोकळे, विकण्याचाही हक्क आहे. आणि मला हा हक्क कर्त्याच्या हक्काइतकाच पवित्र वाटतो. ज्याने आपल्या शेतासाठी दाणे राखले त्याच्यावर दावा लावायचा नसतो. दावा त्याच्यावर, ज्याने दाण्यांची पाकिटे केली आणि त्यांवर दुसरे नाव छापले.

मग दादाजींसारख्या, किंवा जालन्यातल्या एखाद्या लहान पैदासकाराने प्रत्यक्ष काय करावे? सर्वांत आधी, बियाणे हाताबाहेर जाण्यापूर्वी कागद करावा. प्रयोगासाठी बी मागायला येणारा इसम संशोधन केंद्राचा असो, कंपनीचा असो की सोयराधायरा असो, त्याच्याकडून साध्या मराठीत लिहून घ्यावे की अमुक वाणाचे अमुक वजनाचे बी, अमुक तारखेस, केवळ अमुक कामासाठी घेतले. ते दुसऱ्याला देणार नाही, त्याच्याशी संकर करणार नाही, आणि वाण प्रसारित करण्याचा विचार झाल्यास मूळ कर्त्याच्या नावासह आणि त्याच्याशी ठरलेल्या हिश्श्यासह करू. यात संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. गावात बी मागणाऱ्याला कोरे परत पाठवणे पाप मानतात, आणि ते मानणे योग्यही आहे. पण कागद मागणे म्हणजे बी नाकारणे नव्हे. त्याबरोबर मूळ बियाण्याचा एक नमुना सीलबंद ठेवावा, वाफ्याची तारीखवार वही ठेवावी, आणि कोणत्या हंगामी किती रोपे उपटली, का उपटली, हे तिच्यात लिहावे. न्यायालयात अशी मळकी वही कित्येकदा गोड बोलणाऱ्या साक्षीदाराहून अधिक कामाला येते.

आणि इतके करूनही, किंवा न केल्यामुळे, एक दिवस आपलाच वाण परक्या पाकिटात दिसला तर? तेव्हा पहिला राग आवरून ते पाकीट पावतीसह विकत घ्यावे, त्यावरील लॉट क्रमांक जपावा, आणि त्याचे बी आपल्या बियाण्याशेजारी एकाच वाफ्यात पेरून दोन्हींची वाढ, फुले, दाणे यांची नोंद साक्षीदारांसमक्ष करावी. परवडत असेल तर प्रयोगशाळेतून डीएनएची तपासणी करून घ्यावी. मग लेखी नोटीस. नोटिशीचा उपयोग धाक घालण्यापुरता नसतो. ज्याला हक्क ठाऊक नव्हता तो शेतकरी कायद्याने निर्दोष ठरतो, पण नोटीस हाती पडल्यानंतर अज्ञानाची सबब कोणालाही सांगता येत नाही. मागणी काय करावी याबद्दल माझे मत ठाम आहे: विक्री बंद पाडण्याची मागणी शेवटी ठेवावी, नाव आणि हिस्सा आधी मागावा. कारण सहकाऱ्याने जी दुकाने, जे रस्ते, जी शेतकऱ्यांची ओळख उभी केली तीही खोटी नसते. एचएमटी भात दादाजींनी एकट्याने विकला असता तर तो नागभीडच्या पलीकडे किती गेला असता हा प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याची विक्री थांबवली असती तर हानी त्या शेतकऱ्यांची झाली असती ज्यांच्यासाठी तो काढला गेला. जो सहकारी नाव छापायला आणि हिशेब दाखवायला राजी होतो त्याच्याशी पुन्हा काम करावे. जो दोन्ही नाकारतो त्याच्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात जावे, आणि सोबत वही, नमुना व पावती न्यावी.

जालना जिल्ह्याला या दृष्टीने अजून बरेच करायचे आहे. येथील मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि २०२४ साली दगडी ज्वारीलाही मिळाले. परंतु हे मानांकन मुलखाचे असते, व्यक्तीचे नसते. दगडी ज्वारीच्या पिकातून उद्या अंबड किंवा मंठ्याच्या कोणा शेतकऱ्याने अधिक टपोऱ्या दाण्याचे एखादे कणीस वेगळे राखले तर त्या कणसाचा हक्क मानांकनातून त्याला मिळणार नाही. त्यासाठी त्याने स्वतःच्या नावाने वाण नोंदवला पाहिजे. आणि ज्या घरात आजोबांनी राखलेले बियाणे आजही वापरात आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की नोंदणीचा अर्ज कर्त्याच्या वारसालाही करता येतो. अर्जाचे काम कृषी विज्ञान केंद्रातून किंवा विद्यापीठातून सुरू करता येते, आणि त्याबरोबर वाणाची हकीकत, तो कोठून आला, कोणी राखला, किती वर्षे राखला, ही घरातल्या जाणत्या माणसांकडून आजच लिहून घ्यावी लागते.